ग्राहकाला दिलेला तांत्रिक प्रस्ताव पुढे कॉपी होऊ नये म्हणून काय करता येईल?

वाफारा:

नमस्कार. कारखान्याच्या भट्टीतून, धुराड्यातून वाया जाणारी उष्णता परत वापरात आणणाऱ्या यंत्रणांचं डिझाइन आम्ही करतो. गट लहान आहे. काम मिळण्याआधी ग्राहकाला तांत्रिक प्रस्ताव द्यावा लागतो आणि खरी अडचण तिथेच आहे. यंत्रणेची मांडणी, उष्णतेचा हिशोब, नळ्यांची रचना, भागांची यादी, खर्चाचं एक्सेल असं सगळं त्यात असतं. काम मिळो न मिळो, आमची निम्मी मेहनत आधीच त्यांच्या हातात जाते.

मागे एका ठिकाणी असाच प्रस्ताव दिला, काम मिळालं नाही. ते चालायचंच. पण नंतर ओळखीच्या एका इंजिनिअरने दुसऱ्या पुरवठादाराचा प्रस्ताव ‘जरा नजर टाका, ठीक वाटतो का’ म्हणून मला दाखवला, आणि त्यात आमचा आराखडा होता. आम्ही आमच्या सोयीसाठी वापरतो ती लघुरूपंसुद्धा तशीच्या तशी. फक्त बोधचिन्ह बदललेलं.

आता एका मोठ्या ग्राहकाने ‘अंतर्गत तपासणीसाठी’ सगळी कागदपत्रं ऑनलाइन मागितली आहेत. त्यांचे तीन-चार विभाग ती पाहणार. आम्ही आजवर पीडीएफला कॉपी आणि प्रिंट बंद करणारं कुलूप लावत होतो. परवा सहकाऱ्याने एका मोफत संकेतस्थळावर आमचीच फाइल चढवून पाहिली, तर ते कुलूप क्षणात निघालं.

पक्कं कुलूप मिळतं का? स्क्रीनशॉट रोखणारं सॉफ्टवेअर घ्यावं का? डाउनलोड बंद करून नुसती लिंक दिली तर पुरेल का? खर्च करायची तयारी आहे, पण तो वाया जायला नको.

निळीशाई:

आम्ही गुगल ड्राइव्हवर फाइल टाकून फक्त पाहण्याचा अधिकार देतो, आणि शेअरिंगच्या सेटिंगमध्ये जाऊन डाउनलोड, प्रिंट, कॉपी हे पर्याय बंद करतो. वनड्राइव्हवरही डाउनलोड रोखता येतं. ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय कधीच ठेवू नका, एकेकाचा ईमेल घालून अधिकार द्या. माझ्या अनुभवात एवढं पुरतं.

पानोपानी:

वाफारा, सविस्तर लिहितेय, कारण हा प्रश्न माझ्या रोजच्या कामाचा आहे. कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या वेळी कागदपत्रं दाखवण्यासाठी ऑनलाइन डेटा रूम उघडतात, त्या सांभाळणं हे माझं काम. तिथे खरेदीला आलेला बऱ्याचदा थेट स्पर्धकच असतो, आणि सौदा फिसकटला की तो पुन्हा स्पर्धक म्हणूनच समोर उभा राहतो. त्याला दाखवायचं तर असतं, पण द्यायचं नसतं.

आधी कुलपाबद्दल. पीडीएफला दोन वेगळे पासवर्ड लावता येतात. एक फाइल उघडण्याचा, दुसरा परवानग्यांचा. तुम्ही दुसरा लावत होता. नुसता दुसराच लावला, तर फाइल उलगडायची किल्ली वाचणाऱ्या प्रोग्रॅमला फाइलमधल्या माहितीवरूनच तयार करता येते. ती यावीच लागते, नाहीतर पान दिसणारच नाही. ‘कॉपी करू देऊ नकोस’ ही त्या प्रोग्रॅमला केलेली निव्वळ सूचना असते. काही प्रोग्रॅम ती पाळतात, आणि क्यूपीडीएफसारखं मोफत साधन एका आज्ञेत ती काढून टाकतं. म्हणजे दाराला कुलूप नाही, ‘आत येऊ नये’ अशी पाटी आहे. फाइल उघडण्याचा पासवर्ड मात्र खरं काम करतो. नव्या पीडीएफमधलं एईएस २५६ (मजकूर सांकेतिक करण्याची भक्कम पद्धत) आणि लांबलचक पासवर्ड असेल तर बाहेरच्याला ती फाइल उघडणं जवळजवळ अशक्य. पण तो पासवर्ड ग्राहकाला द्यावाच लागतो. त्यामुळे फाइल वाटेत कोणाच्या हाती पडली तर त्याचा उपयोग आहे, ग्राहकाच्या आत पोचल्यावर नाही. आणि तो त्याच ईमेलमध्ये लिहून पाठवू नका, फोनवर सांगा.

इथेच एक कळकळीची विनंती. कुलूप निघतं का ते पाहायला तुमच्या सहकाऱ्याने खरा प्रस्ताव अनोळखी संकेतस्थळावर चढवला. फाइल तिथून खरंच पुसली जाते का, हे तुम्हाला तपासता येत नाही. पीडीएफ जोडणं, लहान करणं, वर्डमध्ये बदलणं अशा कामांसाठी लोक रोज गोपनीय कागद अशा ठिकाणी टाकतात. आजपासून ही कामं स्वतःच्या संगणकावरच करायची, असा नियमच करा.

स्क्रीनशॉट. अँड्रॉइडवर एखादं ॲप आपली खिडकी ‘सुरक्षित’ ठरवू शकतं, मग स्क्रीनशॉट घेताच येत नाही. विंडोजमध्येही प्रोग्रॅमला तशी सोय आहे. पण ब्राउझरमध्ये उघडलेल्या साध्या पानाला ती मिळत नाही. उजवं क्लिक बंद करणं, मजकूर निवडू न देणं हे तर ब्राउझरमध्येच सहज उलटवता येतं. आणि समजा तुम्ही महागडं सॉफ्टवेअर घेऊन संगणकावरचा प्रत्येक रस्ता बंद केलात, तरी समोरचा खिशातला फोन काढून पडद्याचा फोटो घेईल. त्या फोटोतला मजकूर तोच फोन ओळखून टाइप करून देईल. ज्याला वाचता येतं, त्याला कॉपी करता येतं. मी हे अगदी स्पष्ट सांगतेय, कारण ‘कॉपी अशक्य’ असं सांगून विकणारे तुम्हाला भेटतील.

निळीशाईंनी सांगितलेलं जरूर करा. डाउनलोडचं बटण नसलं की सहज होणारी कॉपी थांबते, आणि बहुतेक गळती सहजच होते. तुमच्याच धाग्यात पाहा. तो दुसऱ्याचा प्रस्ताव तुम्हाला कोणी चोरून आणून दिला नव्हता, ओळखीच्या माणसाने चांगल्या मनाने, मत विचारायला म्हणून दाखवला. तुमचा प्रस्तावही बहुधा असाच गेला असेल. ‘जरा बघून सांगता का, एवढा खर्च येतो का’ असं म्हणत कोणीतरी फाइल पुढे ढकलली असेल. ही वाट अरुंद करणं तुमच्या हातात आहे. जाणूनबुजून चोरणाऱ्यासाठी मात्र वेगळा विचार लागतो.

तो असा, की कुलपाच्या आधी कागद ठरवा. कोणता कागद, कोणत्या टप्प्यावर, कोणाला. कंपनी विकायला निघते तेव्हा पहिल्या टिपणात तिचं नावही नसतं. करार झाल्यावर नाव आणि ढोबळ आकडे कळतात. मग डेटा रूम उघडते, पण तिथेही ग्राहकांची नावं ‘ग्राहक क’, ‘ग्राहक ख’ अशी झाकलेली असतात आणि दरपत्रकं अगदी शेवटच्या टप्प्याला, तीही निवडक माणसांना दिसतात. खरेदीदार स्पर्धक असेल तर त्याच्या विक्री विभागाला दर दिसतच नाहीत. ते पाहायला वकील आणि सल्लागार यांचा वेगळा गट नेमतात.

तुमच्या बाबतीत विचारते. काम कोणाला द्यायचं हे ठरवायला त्या ग्राहकाला नक्की काय लागतं? किती उष्णता परत मिळेल, इंधन किती वाचेल, यंत्रणा किती जागा घेईल, कुठे जोडली जाईल, खर्च किती, हमी कसली. नळ्यांची रचना लागते का? हिशोबाची सूत्रं लागतात का? भागांचे मॉडेल क्रमांक लागतात का? माझ्या मते हे तिन्ही कागद कार्यादेश हातात आल्यावरचे आहेत. त्यांचा तांत्रिक विभाग ‘आम्हाला खात्री करायची आहे’ म्हणाला, तर पडदा शेअर करून बैठकीत दाखवा, प्रश्नांना समोरासमोर उत्तरं द्या, पण फाइल हातात देऊ नका. बैठकीतही फोटो निघू शकतो हे खरं. पण पूर्ण संच आणि घाईत काढलेली दोन-चार चित्रं यांत फार फरक आहे.

जे द्यायचं ठरेल त्यावर वॉटरमार्क घाला. ‘गोपनीय’ एवढाच शब्द नको, त्याने कोणी थांबत नाही. पाहणाऱ्याचं नाव, ईमेल, तारीख, वेळ हे प्रत्येक पानावर तिरकं, फिकट, आकृतीच्या मधोमध. डेटा रूमची सॉफ्टवेअर हे आपोआप करतात, ज्याने उघडलं त्याचंच नाव उमटतं. स्वतःचं नाव पसरलेलं पान पुढे ढकलायला माणूस कचरतो. कोपऱ्यात घातलेला वॉटरमार्क कातरून टाकतात. पीडीएफमध्ये वेगळा थर म्हणून घातलेला तर साध्या संपादकानेही उचलता येतो, म्हणून तो घातल्यावर पानाची प्रतिमा करून घ्या. मजकूर शोधता येत नाही ही त्याची किंमत, आणि दृष्टिहीन वाचकासाठी पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही तिथे अडतो. तुमच्या तपासणी गटात असं कोणी असेल तर त्यांच्यासाठी वेगळी सोय करा.

सगळ्यात जास्त शिकवते ती नोंदवही. कोणी, कधी, कोणतं पान, किती वेळ पाहिलं हे डेटा रूममध्ये दिसतं. खरंच तपासणी करणारा माणूस काही पानांवर रेंगाळतो, मागे येतो, खर्चाच्या तक्त्यावर थांबतो. एखादं खातं सगळी पानं ओळीने, प्रत्येकावर तेवढाच क्षणभर थांबून उलटत गेलं, की मला कळतं की वाचन चाललेलं नाही. तेव्हा मी लगेच प्रवेश थांबवून विचारते. विचारायचं नम्रपणे, पण त्याच दिवशी.

आणखी एक युक्ती, जी लहान गटालाही फुकट जमते. प्रत्येकाला किंचित वेगळी प्रत द्यायची. २०१९ मध्ये गाण्यांचे शब्द देणाऱ्या जीनिअस या संकेतस्थळाने म्हटलं, की आम्ही मजकुरात सरळ आणि वाकडी अपॉस्ट्रॉफी अशा क्रमाने पेरली होती, की मोर्स लिपीत वाचलं तर ‘रंगेहाथ’ या अर्थाचे शब्द तयार होतात, आणि तोच क्रम गुगलच्या शोधनिकालात दिसला. तुम्ही यादीचा क्रम, एखादं वाक्य, ओळींमधलं अंतर बदलू शकता. कोणाला कोणती प्रत गेली याची वही मात्र ठेवा, नाहीतर सगळं व्यर्थ. आणि आकडे कधीही बदलू नका. तुमच्या क्षेत्रात तापमान नि दाब असतात, चुकीच्या आकड्यावरून कोणी यंत्र उभारलं तर माणसं भाजतील.

जीनिअसच्या गोष्टीचा पुढचा भागही ऐका. तो दावा अमेरिकी न्यायालयांत टिकला नाही. त्या शब्दांचे हक्क मुळात जीनिअसचे नव्हते, गीतकार-प्रकाशकांचे होते. नुसत्या वापराच्या अटींवर उभा केलेला दावा कॉपीराइट कायद्यापुढे उभा राहू शकत नाही, असं तिथे ठरलं. तुमचे आराखडे तुमचेच आहेत, ही तुमची जमेची बाजू. ते कधी, कोणी काढले याच्या मूळ फाइली तारखांसकट जपून ठेवा.

करारनामा:

पानोपानींशी सहमत. करार तयार करणं हा माझा पेशा, म्हणून त्या बाजूने भर घालतो.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातलं कलम ३९ वाचण्यासारखं आहे. माहितीला व्यापारी गुपित म्हणून संरक्षण हवं तर तीन गोष्टी लागतात. ती सहज उपलब्ध नसावी, गुप्त असल्यामुळेच तिला मोल असावं, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी तुम्ही परिस्थितीप्रमाणे वाजवी पावलं उचललेली असावीत. तिसरी अट लोक विसरतात. वॉटरमार्क, प्रवेशाची नोंद, नावानिशी दिलेली लिंक हे सगळं उद्या वाद झाला तर ‘पावलं उचलली होती’ याचा पुरावा म्हणून कामाला येतं. उलट ज्याने तोच कागद सगळ्यांना ईमेलने वाटला, त्याची बाजू लंगडी पडते.

गोपनीयता करारात ‘सर्व माहिती गोपनीय’ असं मोघम लिहू नका. कोणते कागद, कोणत्या कामासाठी, ग्राहकाकडच्या कोणत्या विभागाने पाहायचे, काम न मिळाल्यास ते किती दिवसांत पुसायचे हे लिहा. बाहेरच्या सल्लागाराला किंवा दुसऱ्या पुरवठादाराला दाखवायचं नाही हे वेगळं लिहा, कारण तुमच्याकडे घडलेलं नेमकं तेच दिसतंय. आणि हल्ली एक वाक्य मी आवर्जून घालतो. ही कागदपत्रं लेखी संमतीशिवाय बाहेरच्या कुठल्याही एआय सेवेत चढवायची नाहीत. सारांश काढायला म्हणून लोक सर्रास फाइल टाकतात.

मोठा ग्राहक सही करायला नाही म्हणाला, तर फाइल पाठवताना ‘हे केवळ मूल्यमापनासाठी देत आहोत’ असं पत्र जोडा आणि त्याची पोच घ्या. कराराइतकं वजन त्याला नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. सही नसेल तर द्यायचा संचही त्या मानाने लहान ठेवा.

वाफारा:

दोघांचेही मनापासून आभार. ‘कोणता कागद कधी’ हा विचार आम्ही केलाच नव्हता, कुलूपच शोधत बसलो होतो. त्या फुकट संकेतस्थळाबद्दल आजच गटात बोलले.

दोन गोष्टी अजून विचारते. खर्चाच्या एक्सेलमधली आमची गणिताची पानं आम्ही लपवतो आणि वर संरक्षण लावतो. ते चालेल ना? दुसरं, त्यांचे इंजिनिअर मूळ डीडब्ल्यूजी फाइल, म्हणजे कॅड या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधला संपादन करता येणारा आराखडा, मागत आहेत. यंत्रणा त्यांच्या जागेत बसते का ते त्यांना स्वतः पाहायचं आहे. ही मागणी मला रास्त वाटते, नाही म्हणणं जड जातंय.

पानोपानी:

एक्सेलबद्दल आधी, आणि जरा जोर देऊन. नाही चालणार. लपवलेलं पान दाखवणं हे दोन क्लिकचं काम आहे. पानाला लावलेलं संरक्षण म्हणजे चुकून बोट लागू नये म्हणूनची सोय, त्याने मजकूर सांकेतिक होत नाही. एक्सएलएसएक्स ही खरं तर झिप फाइल असते, ती उलगडून आतलं सरळ वाचता येतं. पिव्हट टेबल (मोठ्या डेटाचा सारांश दाखवणारा तक्ता) असेल तर त्यामागचा सगळा मूळ डेटा फाइलमध्येच साठलेला असू शकतो, मूळ पान पुसलं तरी. आणि मला सर्वांत धोक्याचा वाटतो तो प्रकार म्हणजे सादरीकरणात चिकटवलेला आलेख. तो पूर्ण वर्कबुकसकट चिकटवलेला असेल, तर समोरच्याने ‘डेटा संपादित करा’ म्हटलं की अख्खं वर्कबुक उघडतं. आलेख नेहमी चित्र म्हणून चिकटवा. खर्च द्यायचा तर नवीन कोऱ्या फाइलमध्ये फक्त आकडे उतरवा, सूत्रं नकोत, आणि त्याची पीडीएफ द्या.

वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस (केलेल्या बदलांची नोंद), जुन्या टिप्पण्या, लेखकाचं नाव, कातरलेल्या चित्राचा कातरलेला भाग हे सगळं आत राहू शकतं. ऑफिसमध्ये ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’ आहे, पाठवण्याआधी ते चालवा. चित्रांचे कातरलेले भाग मात्र ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधून वेगळे पुसावे लागतात. मजकुरावर काळा चौकोन ओढून झाकलं, असंही समजू नका. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रम्प यांच्या प्रचाराचे माजी प्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या पीडीएफमध्ये झाकलेला भाग पत्रकारांनी नुसता कॉपी-पेस्ट करून वाचला होता. पट्टी वर होती, शब्द खाली तसेच होते. झाकायचं असेल तर मजकूर खरोखर काढून टाका, मग पीडीएफ करा, आणि पाठवण्याआधी त्या जागेवर स्वतः कॉपी-पेस्ट करून पाहा.

आता डीडब्ल्यूजी. त्यांची गरज रास्त आहे हे खरं, पण त्या गरजेला तुमची मूळ फाइल लागत नाही. जागेत बसतं का हे पाहायला यंत्रणेचा बाह्य आकार, जोडणीची ठिकाणं आणि फ्लँजची, म्हणजे नळ जोडायच्या कड्यांची मापं, पायावर येणारं वजन, आणि दुरुस्तीसाठी भोवती लागणारी मोकळी जागा एवढं पुरतं. एक वेगळी फाइल करा, ज्यात यंत्रणा म्हणजे बंद ठोकळा आणि त्यावर या खुणा. आतल्या नळ्या त्यात असूच नयेत. मूळ आराखड्यातला नळ्यांचा थर नुसता बंद करून ठेवू नका, तो परत चालू करता येतो. नवीन फाइलमध्ये बाह्यरेषाच फक्त काढा. त्रिमितीय हवं म्हणाले तर त्याच ठोकळ्याची स्टेप फाइल (वेगवेगळ्या कॅडमध्ये उघडणारा त्रिमितीय प्रकार) द्या.

आराखड्याची पीडीएफ देताना एक पाहा. कॅडमधून थेट काढलेल्या पीडीएफमध्ये रेषा रेषाच राहतात. ऑटोकॅडमध्ये २०१७ च्या आवृत्तीपासून अशी पीडीएफ आत घेऊन त्या पुन्हा संपादन करण्याजोग्या रेषा करता येतात. म्हणून आतली रचना दाखवणारं कुठलंही पान द्यावंच लागलं, तर ते प्रतिमा करून, वॉटरमार्कसकट, आणि मापं वाचता येतील एवढ्याच बारकाव्याने द्या.

इंजिनिअरांना सरळ सांगा की तपासायला लागणारी सगळी मापं या फाइलमध्ये आहेत, काही कमी वाटलं तर कळवा, त्याच दिवशी घालून देतो. आणि तो शब्द पाळा. माझा अनुभव असा, की वेळेवर उत्तर मिळालं की मूळ फाइलची मागणी बहुतेक वेळा आपोआप मागे पडते.

वाफारा:

ठोकळ्याची फाइल उद्याच करायला घेतेय. बाह्यरेषा, फ्लँज आणि पायावरचं वजन आमच्याकडे तयार आहे, दुरुस्तीच्या जागेचं माप तेवढं काढायचं आहे. करारनामा, पत्राचा मसुदा लिहून इथे टाकते, शब्द पाहून सांगाल का? ग्राहकाचं नाव आणि आकडे काढूनच टाकेन.

करारनामा:

जरूर टाका. ‘कोणाला दाखवायचं नाही’ हा परिच्छेद आधी लिहा, बाकीचं त्याभोवती बसवू.